उतरंड

नेलिदा मिनिटांवर जगते.
मोंतेविदेओच्या जुन्या भागात, बंदराच्या पाठीमागे, तिसऱ्या मजल्यावर
ती जहाजांचे कागद पोर्तुगीजमधून स्पॅनिशमध्ये आणते:
विमा, तक्रार, साक्ष, परत तक्रार.
वकील मिनिटाच्या दराने पैसे देतात,
म्हणून मिनिटं सांडून चालत नाही.

भाची आयेलेनने फोनमध्ये एक अ‍ॅप टाकून दिलं.
नवं काम आलं की जुन्यावर ठेवायचं.
खालचं घड्याळ थांबतं, वरचं चालू होतं.
वरचं उरकलं की उचलायचं, मग खालचं आपसूक जागं होतं.
मधलं ओढून काढता येत नाही.
उतरंडच ती.
तळाच्या रांजणाला हात घालायचा तर आधी
वरची सगळी गाडगी, अगदी बोळकंसुद्धा, उतरवा.

सोमवार, नऊ वाजून सात मिनिटं.
तळाशी: बुडालेल्या मालवाहू बोटीची नोंदवही, कप्तानाच्या अक्षरात.
"पहाटे चार-दहा. पंप सुरू केला. पाणी…"

दारावर टकटक.
वॉशिंग्टन, इमारतीचा रखवालदार, पायजम्याच्या कडा ओल्या:
गच्चीवरची टाकी वाहतेय, बाई, किल्ली तुमच्याकडे का?
ठेवलं वर: किल्ली.
शोधता शोधता फोन. कस्टममधला एचेगारय.
शिक्क्यावरची तारीख चुकलीय, आत्ता बघा, आत्ता.
ठेवलं वर: तारीख.
तारखेसाठी खण उघडला तर खणात
मे महिन्यापासूनचं विजेचं बिल, घडी न मोडलेलं.
बिल भरायला बसली तर पडदा म्हणाला,
तुम्ही यंत्र नाही हे सिद्ध करा,
सिग्नल असलेले चौकोन निवडा.
सिग्नलचा खांब सिग्नलमध्ये धरायचा का?
तेही तिने वर ठेवलं. हिशेब म्हणजे हिशेब.

मग उतरवणं.
चौकोन: दोन मिनिटं. बिल: नऊ. तारीख: चौदा.
किल्ली माते-पानाच्या डब्यात सापडली,
तोवर टाकी रिकामी होऊन गप्प बसली होती.
तळाशी पोचली तेव्हा अकरा वाजलेले
आणि "पाणी" हा शब्द तिच्या हातात तसाच,
पुढचं क्रियापद कुठेतरी जिन्यात पडलेलं.

दिवसभर असंच. सहा वेळा, सात वेळा.
संध्याकाळी बेरीज: आठ तास एकवीस मिनिटं.
ती बसलीय मात्र नऊ तास.
एकोणचाळीस मिनिटं कुठल्याच मडक्यात नाहीत.
एक काम सुटलं होतं, दुसरं अजून लागलं नव्हतं,
तेव्हा ती कडीवर हात ठेवून उभी असणार,
किंवा खिडकीत. ला प्लाता नदी इथे इतकी रुंद
की समुद्र म्हटलं तरी कुणी भांडत नाही.
त्या वेळाचं बिल कुणाला लावायचं?

तिने पान उलटलं.
"चार-चौदा. पंप सोडून मागच्या दोराकडे.
चार-सोळा. दोर सोडून रेडिओ.
चार-एकोणीस. रेडिओ सोडला. स्वयंपाक्याचा हात भाजलाय, पट्टी.
चार-बावीस. पट्टी.
चार-सव्वीस. पट्टी."
पुढे कोरं.
दोराकडे परत गेल्याची नोंद नाही, पंपाकडे तर नाहीच.

माणसं सगळी वाचली, हे दुसऱ्या कागदात आहे.
विम्याचे वकील मात्र याच ओळींवर नख ठेवणार,
विचारणार: पंप नेमका किती मिनिटं बेवारस होता?
तिने तिन्ही वेळा पट्टी लिहिलं.
वाचणाऱ्याला वाटेल टंकलेखनाची चूक.
वाटू दे.

पुन्हा टकटक. वॉशिंग्टन, किल्ली परत द्यायला,
सोबत बायकोने दिलेलं भोपळ्याचं काहीतरी, झाकून.
नेलिदा उठली.
फोनकडे बघितलं, वर काहीच ठेवलं नाही.
दारात दोघं बराच वेळ बोलत राहिली, टाकीबद्दल, गुडघ्यांबद्दल.
आत टेबलावर
कप्तानाचं घड्याळ तसंच चालू.